मुहूर्तावर थांबलेला शनी

उमराणीकर गुरुजींनी माउसला आधी नमस्कार केला आणि मग तो हातात धरला.

"मृदुला खटावकर," आईने ताईचं नाव सांगितलं. "कन्या रास."

"मला पाठ आहे हो वहिनी. जन्म पहाटेचा, कऱ्हाडचाच." गुरुजींनी कीबोर्डवरचं प्लास्टिक बाजूला केलं. मॉनिटरला चंदनाचा हार होता, सीपीयूवर दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक. त्यांचे वडील याच गाळ्यात बसून पंचांग मांडीवर घेत आणि पेन्सिलीने पत्रिका मांडत. गुरुजींनी पंचांग बंद केलं होतं. गणित मशीन करतं, आपण फक्त अर्थ सांगायचा, असं ते कौतुकाने म्हणत, आणि आईसारख्या बायका तितक्याच कौतुकाने ऐकत.

पडद्यावर एक चौकोन उघडला. मी खुर्चीतून मान लांब करून वाचलं. 'आपला तीस दिवसांचा चाचणी कालावधी समाप्त झाला आहे. पुढील वापरासाठी पूर्ण आवृत्ती खरेदी करा.'

मला वाटलं, आता गडबडतील. गुरुजी गडबडले नाहीत. "महिना झाला वाटतं," एवढंच म्हणाले. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं, कॅलेंडर उघडलं आणि पान एक महिना मागे नेलं. ओठ हलत होते. मग त्यांनी एका तारखेवर क्लिक केलं आणि हात जोडले. चौकोन नाहीसा झाला.

"गुरुजी, तारीख का बदलली?"

"बदलली नाही. मुहूर्तावर नेली."

"कसला मुहूर्त?"

"गुरुपौर्णिमा. हे सॉफ्टवेअर ज्या दिवशी बसवलं तो दिवस. कंपनी पहिला महिना फुकट वापरायला देते. आपण तोच महिना पुन्हा पुन्हा घेतो." ते समाधानाने हसले. "लोक कुठलीही तारीख घालतात. मी शुभच घालतो."

"पण ही तर चोरी..."

आईने माझ्या मांडीला चिमटा काढला. "नुकतीच बीएस्सी झालीय ना," ती गुरुजींना म्हणाली, माझ्या अंगावर पुरळ उठलंय अशा आवाजात. "फिजिक्स."

"वा वा. चौकस असतात ती मुलं."

प्रिंटरने कुरकुरत एक कागद बाहेर टाकला. मी तो आईच्या आधी उचलला. 'साडेसाती: चालू. टप्पा: तिसरा. शनी: तूळ, वक्री.' आणि त्याखाली, 'समाप्ती दिनांक: पूर्ण आवृत्तीत उपलब्ध.'

आईने कागद न वाचताच विचारलं, "अजून किती, गुरुजी?"

"वहिनी, समाप्ती विचारू नये. समाप्ती कळली की माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणसालाच शनी गाठतो. म्हणून मशीनसुद्धा सांगत नाही."

मी कागदावरच्या त्या ओळीकडे पाहिलं. फुकटात मिळालेल्या वस्तूला जे येत नव्हतं, त्याचं या माणसाने शास्त्र करून टाकलं होतं.

"पण गुरुजी, साडेसाती साडेसात वर्षांचीच असते ना? ताईची सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होते."

"मध्ये वक्री होतो ना तो. वक्रीचे महिने मोजत नाहीत." गुरुजी पुढे वाकले. आवाज उतरला. "खरं सांगू? हल्ली तो फारच वक्री होतो. वडिलांच्या वेळी असं नव्हतं. दर महिन्याच्या सुरुवातीला वक्री, आठ दिवसांनी मार्गी, पुन्हा महिन्याने वक्री. काळच तसा आलाय."

आईने मान हलवली. तिला काळाबद्दल शंका नव्हती. बाबा गेले तेव्हा शनी नेमका कन्येत होता. त्या आधी कुणीतरी तिला सांगितलं होतं, मुलीची साडेसाती बापाला जड जाते, शांत करून घ्या. आणि बाबांनी ते हसण्यावारी नेलं होतं. तेव्हापासून आई शनीच्या बाबतीत हसत नसे. मी तिच्यावर चिडायची, पण त्या बाबतीत बोलायची नाही. बाकी सगळ्या बाबतीत बोलायची.

घरी येताना आई एवढंच म्हणाली, "आता निरंजनला कुठल्या तोंडाने सांगू?"

निरंजन साखळकरांचं स्थळ ताईला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ताई पतसंस्थेत नोकरी करायची आणि एकतिसाव्या वर्षात होती. ते इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मूळचे इचलकरंजीचे, कऱ्हाडात खोली घेऊन एकटे राहायचे. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आणि आईने पत्रिका नेली तर गुरुजी म्हणाले, साडेसातीचं शेपूट राहिलंय, तेवढं जाऊ द्या. तेवढं जात नव्हतं. मी त्यांना काय हाक मारायची हेही त्यामुळे अडलं होतं. भावजी म्हणायला लग्न व्हायचं होतं, दादा म्हटलेलं ताईला खपत नसे. मी 'सर' म्हणायची.

त्या संध्याकाळी सर जेवायला आले. आठवड्यातून तीनदा तरी यायचेच. रविवारी दुपारी जेवून रात्रीचा डबाही न्यायचे. ताई त्यांचा पीएचडीचा प्रबंध टाइप करत होती. टाइप करत होती म्हणजे, आधी फक्त टाइप करत होती. मग आलेख काढायला लागली, मग संदर्भ शोधायला लागली, आणि आता त्यांची वाक्यंही तीच सरळ करत होती. त्यांच्या चादरी आमच्या मशीनमध्ये धुतल्या जात. त्यांचं विजेचं बिल ताई पतसंस्थेत जाता जाता भरी.

आईने वांग्याची भाजी वाढता वाढता बातमी सांगितली.

"अजून चालूच आहे म्हणतात हो."

सर मोठ्याने हसले. "काकू, शनी म्हणजे वायूचा एक गोळा आहे. त्याला कऱ्हाड कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही."

"तुम्ही हसा. मला माझ्या मुलीची काळजी."

"तुमच्या समाधानापुढे मी नाही जाणार. थांबू की. दोन वर्षं थांबलो, अजून दोन थांबेन." त्यांनी पोळीसाठी ताट पुढे केलं. "का गं मृदुला?"

ताई पोळ्या लाटत होती. तिने पुढची पोळी तव्यावर टाकली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या आळीत सरांच्या धीराचं कौतुक होतं. असा मुलगा शोधून मिळणार नाही, स्वतः मानत नाही तरी म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेसाठी थांबतोय, असं समोरच्या जोशीकाकू म्हणायच्या. मीही म्हणायची. माझ्यासाठी ते घरात आलेले पहिले असे गृहस्थ होते ज्यांना आकाशातलं काही विचारलं तर उत्तर येत असे.

जेवणं झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. सरांनी कॉलेजची दुर्बीण आणून आमच्याकडेच ठेवली होती. आग्नेयेला दोन तारे ठळक दिसत होते, एक लालभडक, एक पिवळसर. "लाल तो मंगळ," सर म्हणाले, "आणि हा तुमचा शत्रू. बघा काकू, घाबरू नका, चावत नाही."

आईने पदर सावरून दुर्बिणीला डोळा लावला आणि "अगंबाई," म्हणाली. कडं दिसलं होतं. पापणी चोळून तिने पुन्हा पाहिलं. इतक्या वर्षांचा वैरी एवढासा आणि इतका सुबक निघेल असं तिला वाटलं नसावं.

"त्याच्या खाली लालसर तारा आहे ना," मी विचारलं, "ती ज्येष्ठा?"

"करेक्ट. विंचवाचं हृदय. शेपटी अजून वर यायचीय, थोड्या वेळाने पूर्ण विंचू दिसेल."

"म्हणजे शनी वृश्चिकेत आहे?"

"हो."

"पण गुरुजी तर तुळेत म्हणाले," आई दुर्बिणीवरून मान वर करून म्हणाली.

सर दुर्बिणीजवळ सरकले. "काकू, तुमचा शनी वेगळा, आमचा वेगळा," ते म्हणाले आणि दुर्बीण मंगळाकडे वळवली. "हे बघा, मंगळ यंदा किती जवळ आलाय."

आई मंगळ बघायला लागली. ताई कठड्याला टेकून उभी होती. ती मंगळ बघायला आली नाही.

मला त्या उत्तराने झोप येईना. माझा तुळेतल्या शनीवरही विश्वास नव्हता आणि वृश्चिकेतल्यावरही नव्हता, पण ग्रह एका वेळी एकाच जागी असतो यावर होता. वृश्चिक विंचवाच्या जागी आहे हे सर म्हणतात, ज्येष्ठा नक्षत्र वृश्चिक राशीत हे गुरुजीही म्हणतात. मग भांडण कुठे आहे?

सकाळी चहा होईस्तोवर मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून मागची बाजू वाचली. दुधाच्या हिशेबाच्या वर बारीक अक्षरात छापलं होतं: 'शनी वृश्चिक राशीत. साडेसाती: तूळ, वृश्चिक, धनू.' कन्या नव्हती.

"आई, हे बघ. ताईची साडेसाती नाहीच आहे."

"कॅलेंडरवाले सगळ्यांसाठी मिळून ढोबळ देतात," आई दूध उतू जाण्याकडे लक्ष ठेवत म्हणाली. "गुरुजींचं तिच्या पत्रिकेवरून असतं. कम्प्युटरचं."

कम्प्युटर म्हटल्यावर मला कोपऱ्यातलं ते घड्याळ आठवलं. महिनाभर मागे जाणारा माउस आठवला. दर महिन्याच्या सुरुवातीला वक्री होणारा शनी आठवला. मी कप खाली ठेवला आणि इतक्या मोठ्याने हसले की ताई केस विंचरता विंचरता बाहेर आली.

"काय झालं?"

मी सांगितलं. ताई हसली नाही. फणी हातात धरून तिने एकच प्रश्न विचारला, "किती दिवसांपासून?" मग म्हणाली, "चल. आई, तूपण चल."

गुरुजींच्या गाळ्यात त्यांनी नुकतीच उदबत्ती लावली होती. ताईने बसायला नकार दिला.

"गुरुजी, आज तारीख काय?"

गुरुजींनी मागे वळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "अठ्ठावीस मे."

"आणि मशीनमध्ये?"

"मशीनमध्ये आपली... आषाढ वद्य प्रतिपदा असेल. कालच तर नेली ना मुहूर्तावर."

"कुठल्या सालची?" मी विचारलं.

"दोन हजार चौदा."

"मग गुरुजी, आत्ता शनी कुठे आहे हे मशीन कसं काढतं?"

"आजच्या तारखेवरून."

"कुणाच्या आजच्या?"

गुरुजींनी माउसवरचा हात काढला. बाहेरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. ते पडद्याकडे पाहू लागले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग पुन्हा पडद्याकडे. कऱ्हाडच्या भर बाजारपेठेत, त्या दहा बाय दहाच्या गाळ्यात, दोन वर्षं दुसरा महिनाच उजाडला नव्हता. गुरुपौर्णिमा व्हायची, नागपंचमी व्हायची, राखीपौर्णिमा जेमतेम व्हायची आणि पुन्हा गुरुपौर्णिमा. शनी तुळेत जागच्या जागी पाय घासत होता. गुरू कायमचा उच्चीचा होता, आणि त्या भरवशावर गावातली निम्मी पोरं स्पर्धा परीक्षेला बसली होती.

"म्हणून वक्री," गुरुजी हळूच म्हणाले.

मला वाटलं, आता हा माणूस खचेल. मला तेव्हा माणसांची फारशी माहिती नव्हती. त्यांनी उठून कॅलेंडर उलटं केलं, बोट लावून वाचलं, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"वहिनी, पेढे आणा! मृदुलाची साडेसाती दीड वर्षापूर्वीच संपली!"

"संपली?" आईचा हात छातीशी गेला.

"कधीच! आणि मी काय म्हणालो होतो? थोडंसं शेपूट राहिलंय, म्हणालो होतो की नाही?"

"म्हणाला होतात," आई म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते. ती माझ्याकडे वळली. "बघितलंस? गुरुजी नव्हते चुकले. मशीन चुकलं."

मी म्हटलं, "आणि दोन वर्षांत ज्यांना ज्यांना चुकीचं सांगितलंत त्यांचं काय?"

"त्यांनाही बोलावतो की. कन्येवाल्यांना आनंदच होईल." गुरुजी जरा घुटमळले. "धनूवाल्यांची मात्र सुरू झालीय. पण त्यांना एवढ्यात नको सांगायला. दोन वर्षं कशी छान गेली त्यांची."

येताना आईने खरोखरच पेढे घेतले. वाटेत तिने मंगल कार्यालयाची चौकशीही केली. ताई आमच्या मागून चालत होती. मी वळून म्हटलं, "सरांना आत्ताच फोन कर ना, किती खूश होतील." ती म्हणाली, "उद्या येणारच आहे जेवायला. समोरच सांगू." आणि थोडं चालल्यावर, "मला त्याचं तोंड बघायचंय."

मला तो लाडिकपणा वाटला.

रविवारी आईने श्रीखंड केलं. सर आले, हात धुऊन पाटावर बसले आणि वाटीकडे बघून म्हणाले, "आज काय विशेष?"

आईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "संपली हो! दीड वर्षापूर्वीच संपलीय. ऋजुताने शोधून काढलं." आणि तिने सगळी हकिकत सांगितली, गुरुजींचा काहीही दोष नसल्याची. "आता जूनमधला पहिला मुहूर्त धरायचा. तुमच्या आईवडिलांना आजच फोन करू का?"

सरांनी पेढा अर्धा खाल्ला. अर्धा हातात राहिला.

"अरे वा," ते म्हणाले.

पंखा फिरत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण श्रेय माझं होतं आणि ते मला हवं होतं.

"म्हणजे... नक्की ना? कारण सॉफ्टवेअरचा काय भरवसा."

"सॉफ्टवेअर नको सर," मी म्हटलं. "परवा तुमच्याच दुर्बिणीतून बघितला की. ज्येष्ठेजवळ."

"हो, पण ते सायन-निरयन वगैरे असतं बरं का. इतकं सोपं नाही ते." त्यांनी उरलेला पेढा ताटाच्या कडेला ठेवला. "मी काय म्हणतो काकू, एवढे थांबलो तर घाई कशाला? दुसऱ्या एखाद्या चांगल्या गुरुजींना दाखवून घेऊ. सांगलीला आहेत एक. आणि मंगळसुद्धा एकदा नीट बघून घ्यायला हवा. तुमच्या समाधानासाठी."

आईच्या हातातला श्रीखंडाचा चमचा तसाच राहिला. सर पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलत होते, आणि तिला ते आवडलेलं दिसत नव्हतं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"निरंजन, परवा गच्चीवर आई म्हणाली, गुरुजी तुळेत म्हणतात. तेव्हा तुला माहीत होतं?"

"काय?"

"कन्येची साडेसाती संपल्याचं."

"मी असलं काही मानत नाही गं."

"मानतोस का, असं विचारलं नाही. माहीत होतं का?"

सरांनी पाण्याचं भांडं उचललं, प्यायले, खाली ठेवलं. "कॅलेंडरवर तर छापलेलं असतं. कुणालाही माहीत असणार. मला वाटलं, काकूंच्या श्रद्धेत आपण कशाला पडा. आणि आपलं काय अडलं होतं? चाललंच होतं की छान."

"तुझं चाललं होतं," ताई म्हणाली.

"असं काय बोलतेस? लग्नाला मी नाही म्हटलंय का कधी?"

"नाही. तू कधीच नाही म्हटलेलं नाहीस."

आई माझ्याकडे बघायला लागली, जणू मी अजून काहीतरी शोधून काढेन. मला बीएस्सीला प्रथम श्रेणी होती आणि मी दोन दिवस एका गाळ्यातल्या घड्याळावर हसत होते. ताईने मात्र काल केस विंचरतानाच सगळं मोजून ठेवलं होतं.

सरांनी जेवण पूर्ण केलं. खरंच केलं, श्रीखंड दोनदा घेतलं. मग हात पुसत, आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवून म्हणाले, "आपण शांतपणे बोलू नंतर. ते शेवटचं प्रकरण झालंय ना पण? उद्या गाइडना द्यायचंय."

ताई आत गेली. तिने टेबलाच्या खणातून पेन ड्राइव्ह आणला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"यात पहिली चार प्रकरणं आहेत."

"आणि पाचवं? संदर्भांची यादी?"

"पूर्ण आवृत्तीत उपलब्ध," ताई म्हणाली.

सर हसले. तो विनोद असेल अशी त्यांना अजून आशा होती. ताईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते हसणं हळूहळू आवरतं घेतलं, पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि चपला घातल्या. दुर्बीण न्यायला एक शिपाई आठवड्याभराने आला.

त्या दिवशी जाताना ओट्यावरचा डबा मात्र सरांनी सवयीने उचलला. तीन पुडाचा, स्टीलचा, झाकणावर आईचं नाव कोरलेला. आई किती तरी महिने त्या डब्याची वाट बघत होती. तो काही परत आला नाही.